आयत्या वेळचे विषय

सभा सातला. गणपूर्ती पाचाची.
चर्चच्या हॉलमध्ये आलो चौघे,
पाचवा, हेडली पास्क, आमचा अध्यक्ष,
हॉस्पिटलात मशीनला जोडलेला,
अकराशिवाय सुटका नाही.
नोरीनने किटली बंद केली,
मी खुर्च्या परत भिंतीला लावल्या
आणि सभाच उचलून आम्ही त्याच्याकडे नेली.

ग्रिम्सबीच्या गोदीवरून वारा येत होता,
मासळीचा, डिझेलचा.
वॉर्डाच्या दारात नर्स म्हणाली,
दोनपेक्षा जास्त पाहुणे चालत नाहीत.
नोरीन म्हणाली, पाहुणे नव्हे, कार्यकारिणी.

हेडली हनुवटीपर्यंत ब्लँकेटमध्ये.
रक्त बाहेर फिरून परतताना
थोडी थंडी घेऊन येतं, तो सांगतो,
जसं कुणी दार उघडं टाकून घरात यावं.
ही ब्लँकेटं आपलीच,
तीन वर्षांपूर्वीच्या लॉटरीच्या पैशांतली.
एक हात सुयांना दिलेला,
दुसऱ्या हाताने त्याने चमचा वाजवला,
सभा सुरू.

मागील इतिवृत्त वाचून कायम.

मग कॅरॅव्हॅन.
मेबलथॉर्पच्या किनाऱ्यावरची, सभासदांच्या सुट्टीसाठी.
हीटर गेलाय. दुरुस्ती दोनशे ऐंशी पौंड,
नोरीनच्या बिस्किटांच्या डब्यात एकशे नव्वद
आणि एक परदेशी नाणं, कुणाचं ते कळत नाही.
मी म्हणालो, उन्हाळ्यापर्यंत बंद ठेवू.
एल्झबिएता सहसा बोलत नाही,
दिवसभर कारखान्यात मासे सोलते,
तिची बोटं बोलायच्या आधीच थकलेली असतात.
म्हणाली, माझा नवरा अकरा वर्षं या गावात आहे.
मासे पाहिले त्याने. समुद्र पाहिला
तो त्या कॅरॅव्हॅनच्या खिडकीतून, गेल्या ऑक्टोबरात,
काचेवरची वाफ पुसून पुसून.
हीटर मंजूर. नव्वद कुठून आणायचे
ते लिहायचं राहिलं.

चहाची तक्रार.
ज्यांना दिवसभरात मोजून अर्धा लिटर पाणी,
त्यांच्यापुढे कुणी भरलेले मग ठेवले होते.
ठराव: यापुढे लहान कप,
पण बशीसकट. कुणाला कमी मिळाल्यासारखं वाटू नये.

किरन टपलिन, वय तेवीस, टॅक्सीभाडं.
त्याला जुलैत एकदा मदत दिली आहे,
नियमाप्रमाणे वर्षातून एकदाच.
नियम मीच वाचून दाखवला,
चष्मा पुसून, अगदी सावकाश.
मशीनने मध्येच बोंब मारली,
नर्स आली, नळी सरळ करून गेली.
हेडली माझ्याकडे पाहत राहिला.
पुढच्या सभेत, मी लिहिलं.

आयत्या वेळचे विषय.
इथे बहुधा पार्किंग येतं,
किंवा कुणाची तरी राहिलेली छत्री.
फोन वाजला तो माझ्याच खिशात.
किरन. आवाज घशात अडकलेला.
लीड्सहून बोलावलंय, म्हणाला. जुळतंय म्हणे.
आत्ता निघायचंय.
आणि पुढे काही बोलला नाही,
कारण पुढचं मीच मघाशी वाचून दाखवलं होतं.

कुणी काही म्हणालं नाही.
जरा वेळाने विन्फ्रेड हळूच म्हणाली,
आज अजून एका घरी फोन वाजला असेल.
त्या घराचं नाव कधीच कळत नाही,
आमच्या वहीत त्याला रकाना नाही.

मी गाडीची किल्ली शोधली.

हमरस्त्यावर ऐंशी मैल पाऊस नव्हता, वाहनं नव्हती.
किरन डाव्या मनगटावर बोटं ठेवून बसला होता,
तिथे शिरेत सतत एक गुणगुण असते,
ती चालू आहे ना, हे तो सारखं तपासत होता.
एकदाच विचारलं त्याने,
मग नंतर, ग्लासभर पाणी, एका दमात?
मी म्हणालो, डॉक्टरांना विचार.
मग म्हणालो, हो. बहुतेक, हो.

वही घरी आल्यावर पुरी केली, पहाटे:
सभा नऊ वाजून दहा मिनिटांनी,
सचिव निघून गेल्यामुळे,
गणपूर्तीअभावी तहकूब.