चौथ्या नंबरची

यादी अजून माझ्या कोटाच्या खिशात आहे.
हे आधीच सांगून टाकतो,
म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको.

डुलुथ, जानेवारी.
सुपीरियर सरोवर कडेपासून गोठत आत चाललेलं.
आर्विडच्या गॅरेजात गॅसची शेगडी,
ताडपत्रीखाली उलटी निजवलेली बोट,
आणि घडीच्या खुर्च्यांवर आम्ही पाच जण,
दोन-दोन मोजे घालून
चवीवरून भांडणारे.

अंगठ्या मी उतरवल्या होत्या.
घरी, ओट्यापाशी, ओल्या कापसानं गोंद सैल करत,
भाजीच्या सुरीच्या टोकानं, पान न फाटू देता.
एकीवर सोनेरी सिंह, एकीवर कुण्या राणीचं तोंड.
उतरवल्यावर सगळ्या एकजात तपकिरी, मुक्या,
अंगठीच्या जागी नुसता फिकट पट्टा.
(तसा माझ्याही बोटावर आहे. ते राहू दे.)
मग पांढऱ्या कागदाचे आकडे, एक ते पाच.
पाच शनिवार, दर शनिवारी एक.
मीही ओढायचो, पण माझे गुण धरायचे नाहीत,
कारण मला माहीत होतं.
माहीत असलं की चव संपते.

लॉर्न शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा,
तो राख पट्टीनं मोजतो.
आर्विड लिहितो: बरी.
किंवा लिहितो: बरी नाही.
डेलोरेस बावीस वर्षं मालबोटींवर स्वयंपाकीण होती;
तिच्या वहीत:
‘आधी शेंगदाण्याची जळकी सालं,
मग बापाच्या ट्रकचं सीट, उन्हातलं,
शेवटी कडू, पण समजूतदार.’

आणि वेंडेल.
वेंडेल डोळे मिटून ओढतो,
लांबून कुणी हाक मारतंय आणि ओळखू येत नाही, असा चेहरा करून.
त्याच्या तळघरात देवदारी पेटी आहे,
तीन वर्षं, कारिनच्या लग्नासाठी.
ओलाव्याचा काटा पासष्टवर. रविवारी झाकण उघडतो,
वास घेतो, लावतो.
आम्हांला एक दिली नाही कधी.

मी मिनिआपोलिसला गेलो तेव्हा त्याच आणल्या, पाच.
मुद्दाम.
वाटलं, पहिल्या झुरक्यात ओळखेल,
आम्ही टाळ्या वाजवू.

चौथा शनिवार.
तीनदा विझली. तीनदा पेटवली.
‘ओला पुठ्ठा,’ तो म्हणाला,
‘ज्यानं विकत घेतली त्याला कुणीतरी गंडवलंय.’
शंभरात एकसष्ट.
पेट्रोल पंपावरच्या दोन डॉलरवालीला
त्यानं एक्याण्णव दिले होते.

निकाल वाचायची वेळ आली.
एक वाचली. दोन वाचली: पंपावरची! केवढा हशा,
वेंडेल मांडी थोपटत हसला.
तीन वाचली.
चौथीवर माझा घसा बसला.
शेगडीचा निळा जाळ फुरफुरत होता.
‘हिचं नाव... डाग पडलाय,’ मी म्हणालो,
‘वाचता येत नाहीये.’
रसायनवाला म्हणाला, दाखव.
मी मूठ मिटली.

तेवढ्यात डेलोरेसनं तिची राख टिपली,
माझ्याकडे न बघता म्हणाली,
‘नाव कशाला हवंय पुठ्ठ्याला? पाचवी वाच.’
तिच्या वहीत चौथीपुढे काय लिहिलं होतं
ते तिनं कधीच दाखवलं नाही.

जूनमध्ये लग्न झालं.
तंबूबाहेर, सरोवराकडे तोंड करून,
वेंडेलनं पेटी उघडली, अंगठीसकट एकेक हातात दिली.
त्याचे हात थरथरत होते.
आम्ही पेटवल्या.
आत कारिन अनवाणी नाचत होती,
आणि वेंडेल पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून ओढत होता.
‘काय?’ त्यानं विचारलं.
आर्विड म्हणाला, ‘बरी.’ मग जरा थांबून, ‘चांगली.’
लॉर्ननं पट्टी आणली नव्हती.

माझी एकदाच विझली.
मी पुन्हा पेटवली, आणि खरं सांगतो,
तिला काय गुण द्यावेत
मला आजही ठरवता येत नाही.

थंडीचा कोट खुंटीला आहे.
धुवायला टाकायचा म्हणतो,
आणि राहतो.