सातवी पायरी

दोंडाईच्यात मिरचीच्या दिवसांत
बातमी शिंकतच लिहावी लागते.
साप्ताहिकाची कचेरी वखारीच्या माळ्यावर,
खाली पोती, वर मी, एक पंखा आणि भदाणे अण्णा.
बीएचा निकाल लागायचा होता,
मला वाटायचं, पत्रकार म्हणजे गळ्यात कार्ड.

पहिल्या दिवशी लिहिलं:
'पाण्याबाबत गावात तीव्र संतापाची लाट.'
अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला.
लाट? आपल्या नदीला तरी येते का?
कोण संतापलं? नाव सांग, गल्ली सांग.
दखं का तुनी?

मग वही घेऊन नळावर उभी राहिले.
नळ आला नवव्या दिवशी, पहाटे तीन चाळीसला,
बेचाळीस मिनिटं.
कोकिळाबाई ईशींनी पहिला हंडा माझ्यासमोर ओतला,
तळाशी शेवाळ
आणि कबुतराचं एक पीस.
पीस मी वहीत ठेवलं.
अण्णा म्हणाले, हे झालं पहिलं वाक्य.

नगरपालिकेत कागद होता:
टाकी धुतली, वर्षातून दोनदा, बिल अदा.
सही, शिक्का, सगळं कोरडं, नीटनेटकं.
क्लार्क सज्जन, चहासुद्धा पाजला.
मी उतरून निघालेच होते,
जिन्यात अण्णा आठवले:
कागद बोलतो ते लिहून घे,
मग त्याला विचार, तू चढला होतास का वर?

व्हॉल्व्हमन दगा सोनवणे टाकीखाली जेवत होते,
कळण्याची भाकरी, ठेचा.
टाकी शेवटची कधी धुतली?
त्यांनी घास गिळला, बोट वर केलं.
सहा पायऱ्या.
सातवीपासून पुढे नुसते गंजाचे डाग,
दोन-दोन, जोडीनं, पार वरपर्यंत.
'पायरीज नई शे, ताई. चढसू कथाईन?'

बातमी आली पान पाचवर,
अठरा ओळी, खताच्या जाहिरातीखाली.
'भ्रष्टाचार' हा शब्द अण्णांनी काढला.
तू पायऱ्या मोज, बाकीचं वाचणारा मोजेल.
ऑपरेटरला 'दगा' ही चूक वाटली,
त्यानं 'दादा' केलं.
दगाभाऊ माळा चढून आले.
टाकीबद्दल, साहेबाबद्दल अक्षर नाही;
म्हणाले, दोन भावंडं गेल्यावर
आईनं ठेवलेलं नाव होतं ते.
पुढच्या अंकात दिलगिरी छापली चौकटीत,
बातमीपेक्षा मोठ्या टाइपात.

क्रांती वगैरे झाली नाही.
ठेकेदार तोच. क्लार्कनं चहा बंद केला.
अकराव्या दिवशी टाकीला वेल्डर आला, एवढंच.

पण पालिकेच्या सभेला,
जिथे मागच्या बाकावर मी एकटीच बसायचे,
कोकिळाबाई आल्या, गल्लीतल्या सहाजणी घेऊन,
दाराशी चपला काढून,
जणू कुणाच्या घरी आल्यात.
शिपाई म्हणाला, खुर्च्या नाहीत.
'नळावर कोण खुर्ची देतं?'
एकीच्या हातात अंकाची घडी होती,
पाचवं पान वर,
घडीत अडकलेलं मिरचीचं बी.

विषय क्रमांक चार पुकारला
तेव्हा कोकिळाबाईंनी माझ्यापुढे हात पसरला.
मला आधी कळलंच नाही.
'पीस,' त्या म्हणाल्या.

वार्ताहरानं द्यावं की देऊ नये
हे अण्णांनी शिकवलं नव्हतं.
मी वही उघडली.