दोन तऱ्हाळे

शेषराव पेंटरचं नाव
शेषराव पेंटरच्या नावाशी जुळत नाही,
असं यंत्र म्हणतं, लाल अक्षरांत, तिसऱ्यांदा.
धोत्र्याच्या फाट्यावरचं माझं सेवा केंद्र,
तापल्या पत्र्याखाली दुपारचे दोन,
आणि हा माणूस समोर, स्टुलावर,
नखांच्या कडेला ऑइलपेंटचा निळा
चाळीस वर्षं मुरलेला.

"काहून जुळत नाही वं? दोन्ही मीच हाओ ना?"

दोन्ही तऱ्हाळे मी शेजारी ठेवते,
मोठे करते, आणखी मोठे, पडदाभर.
तोच त. तोच ह. ळवरची मात्रा तीच.
मधला र तोच, विळ्यासारखा वाकलेला,
जो आमच्या कुऱ्हाडीत असतो, पऱ्हाटीत असतो,
वऱ्हाडात तर असतोच.
मागच्या दाखल्यावर तो रफार होऊन
डोक्यावर जाऊन बसला होता, तेव्हा
यानं कागद बोटानं परत सरकवला:
"हे कोनाचं पागोटं?"

नावाच्या आत उतरायला एक खिडकी आहे.
तिथं अक्षरं नसतात, नुसते नंबर,
ग्रामपंचायतीनं दारांवर रंगवलेत तसे.
क ला घर, ळ ला घर,
खाली टिंब असलेला ऱ, तो ०९३१ मध्ये राहतो.
आणि पहिली वेलांटी,
लिहिताना सगळ्यांच्या आधी येऊन उभी,
मोजताना मात्र अक्षराच्या मागून;
पंगतीत पुढे-पुढे दिसणाऱ्या
आणि शेवटी जेवणाऱ्या बाईसारखी.

मी मोजते. एका तऱ्हाळेत सात.
दुसऱ्यात आठ.
चष्मा पुसून परत मोजते.
त, मग साधा र, मग पाय मोडायची खूण,
मग एक नंबर ज्याला रूपच नाही,
मग ह.

त्याला रुंदी शून्य.
उच्चार नाही, शाई खात नाही,
काम एवढंच: र ला दटावणं,
वर चढू नको, इथंच राह्य,
ह च्या अंगाला लागून.
तहसीलीत कुणीतरी कधीतरी
हे नाव नीट उमटावं म्हणून
तो मध्ये ठेवून दिला असेल.
आधारवाल्यानं टिंबाचा ऱ घेतला.
दोघंही बरोबर होते.
म्हणून नोंद आढळली नाही.

हे सगळं त्याला कसं सांगावं?
सांगते, जमेल तसं.
तो पडद्याकडे नाही, भिंतीकडे बघत ऐकतो.

"दोरी हाय ते," म्हणतो.
"गेरूत भिजवाची, दोन खिळ्यायले ताणाची,
मंग टण्णकन सोडाची भितीवर.
अक्षरं तिले लटकवतो आपन.
रंग वायला का फडक्यानं पुसून टाकाची.
पाह्यनाऱ्याले थे दिसत नाही,
पन अक्षरं कशाच्या भरोशावर हायेत मंग?"

"कोणता ठेवू, काका?"
"दोरीवाला."

दोरीवाला टाकते.
अवैध अक्षर, म्हणतं यंत्र.
परत टाकते. अवैध अक्षर.
मग काही न बोलता सातवाला भरते,
पडद्यावर काडीचाही फरक पडत नाही,
हिरवी खूण येते: नाव जुळले.
त्याला कळलेलं असतं. तोही काही बोलत नाही,
बंडीच्या खिशातून तीस रुपये काढतो,
दहा-दहाच्या, घामेजलेल्या.

दारात थबकतो.
माझ्या केंद्राचा फ्लेक्स, वाशीमहून छापून आणलेला,
त्यात एक वेलांटी आपल्या अक्षरापासून तुटून
टिपक्यांच्या पोकळ वर्तुळाला धरून उभी आहे.
दोन वर्षं झाली, कुणी काही म्हटलं नाही.
तो अंगठा त्या वर्तुळावर ठेवतो, दाबून बघतो,
जसं पोपडा धरलेल्या भिंतीला बघतात.

"हिले कोन सोडलं असं उघड्यावर?"
आणि उन्हात उतरता उतरता:
"उद्या येतो. खिळे हायेत का तुह्यापाशी?"