एकशे चव्वेचाळिसावा

यासीन मुकादमाने त्याला आणला
जुनं इंजिन आणावं तसा,
घासाघीस करून, धूर बघून.
मॅचला पाच हजार,
बर्फाच्या कारखान्यावरची खोली,
दोन वेळचं जेवण मुकादमांकडे.
रगब शिहाता, मिसरचा स्ट्रायकर.
वय त्याला विचारलं तर एकतीस,
गुडघ्याला विचारलं तर चाळीस.

“रगब कशाला, रज्जब बोल,
म्हयन्याचा नाव हाय ता,” मुकादमांची आई म्हणाली.
तो हसला, पुन्हा रगबच म्हणाला.
त्यांच्याकडे ज नाही.
च नाही, प तर नाहीच.
आमची पाजपंढरी त्याच्या तोंडात बाजबंढरी,
आणि मी, चोगले, शोगले.

मी समोरच्या टीमचा गोलकीपर.
बोटीवर खलाशी, मॅचच्या दिवशी रजा.
हर्णैच्या पुळणीवर मैदान सुकतीलाच मिळतं.
एका बाजूला लिलाव, बैलगाड्या, पापलेटचा पुकारा,
दुसऱ्या बाजूला सुवर्णदुर्ग, तोंड फिरवून बसलेला.
गोलला आमचीच फाटकी जाळी.

फायनलच्या आदल्या संध्याकाळी
मी कारखान्याच्या पायरीवर जाळं सांधत होतो.
तो वरून लंगडत उतरला, सुई मागितली.
नाईल जिथे संपते तिथलं त्याचं गाव,
तिथेही बोटी, तिथेही हाच वास.
मस्कतला शिकलेल्या हिंदीत हे सांगता सांगता
त्याने तीन भोकं बुजवली.
गाठ वेगळी होती. ओढून बघितली, धरत होती.

मग निळी वही दाखवली,
आपल्या शेवटच्या पानावर सुरू होणारी.
एकेक गोल: तारीख, गाव, कीपरचं नाव.
पहिला पोर्ट सैदला, एकोणिसाव्या वर्षी.
त्या सीझनला अकरा.
मग कैरोचं बोलावणं, देशाच्या टीमचं शिबिर, नऊ दिवस.
दहाव्या दिवशी यादी भिंतीवर लागली.
“मैं नीचे से पढ़ा,” तो म्हणाला,
“नीचे से ऊपर तक.”
मग गुडघा.
मग मस्कत, मालदीव, म्हापसा.
नकाशात पूर्वेला सरकत गेला
तसं मैदान आखूड होत गेलं,
आणि आता हे, ज्यावर दिवसातून दोनदा पाणी चढतं.
एकशे त्रेचाळीस, त्याने बोट ठेवलं.
खालच्या रेघा रिकाम्या होत्या.

फायनलला आम्ही एक गोलने पुढे.
भरती डाव्या कॉर्नरपर्यंत आलेली,
साळवी सर घड्याळाकडे कमी, पाण्याकडे जास्त बघत होते.
तेव्हा त्याला बॉल मिळाला.
घोटाभर पाण्यात, दुखऱ्या पायावर उभं राहून
बऱ्या पायाने मारला.
मी उडी घेतली ती वाळू खायलाच.
बॉल गेला, जाळीत न थांबता
भोकातून पार, थेट लाटेत.

आत की बाहेरून?
हर्णै म्हणते आत, पाजपंढरी म्हणते बाहेरून.
सरांनी मला विचारलं. त्यांच्या शाळेत शिकलेलो,
खोटं बोलणार नाही असं त्यांना वाटायचं.
“बाहेरून,” मी म्हणालो.
तो काहीच बोलला नाही.
पाण्यात जाऊन बॉल घेऊन आला
आणि माझ्या हातात दिला.

रात्री चषकात कुणीतरी माझ्यासाठी थंडा ओतला.
गॅस गेलेला.
पहाटे साडेपाचच्या एसटीला मी गेलो.
का गेलो ते ठरवलं नव्हतं.
तो बाकावर, बॅग पायात, गुडघ्याला पट्टी.
म्हटलं, रगबभाई, कल वो बॉल...
त्याने वही काढली.
लिहिलेलं होतं. तारीख, गाव,
आणि उजवीकडून डावीकडे चालणारं काहीतरी,
जे मी असणार.
“शोगले के आगे?” त्याने विचारलं.
“परशुराम.”
“बरशुराम,” म्हणाला, आणि बॅगेवर वही टेकून
सावकाश लिहिलं.
कंडक्टरने घंटी मारली.

गोलची जाळी त्या पावसाळ्यात कुणी नेली, कळलं नाही.
त्याने सांधलेलं जाळं अजून बोटीवर आहे.
शेजारचे माझे टाके दोनदा तुटले.
त्याची गाठ मी सोडून बघायला घेतो,
आणि तशीच ठेवतो.