आलं का?

धायरीत, चौथ्या मजल्यावर,
मगदूमांच्या टीव्हीला वाटत होतं
आपण अजून निपाणीजवळच आहोत.
बॉक्स जुना, पत्ता जुना,
बातम्या कन्नड.
"पुण्यात राहतोय ना आता,"
भरतेश म्हणाला, "इथलं लावून द्या."

लावून दिलं.
पिनकोड बदलायला चार मिनिटं लागतात.
निवेदिका स्वच्छ मराठीत
खडकवासल्याची पातळी सांगू लागली.

पद्मावतीकाकू रिमोट उलटा धरून बसलेल्या.
"गावाकडं बांबूवर ॲन्टेना होता.
ह्यांनी कोल्हापूरकडं फिरवला की मराठी मुंग्या,
धारवाडकडं फिरवला की कन्नड मुंग्या.
मधी ठेवला तर
बाई एकीकडची, आवाज दुसरीकडचा."
हसल्या. मग हळूच,
"लेक गदगला दिली हो.
तिच्याकडं पाऊस झाला का,
आता कोण सांगणार?"

"फोन आहे की, आई."

"फोनवर ती सगळं बरंच सांगते."

भरतेश चार्जरची वायर गुंडाळत राहिला.

कन्नड पॅक वेगळं घ्यावं लागतं,
महिन्याचे थोडे जादा.
टाकून दिलं. पैशांचं नंतर बघू.
तरी चित्र तुटत होतं,
म्हणून गच्चीवर गेलो.
छत्री वाऱ्यानं सिंहगडाच्या अंगाला कललेली.
नट सैल केला, बोटभर सरकवली,
कठड्यावरून वाकून ओरडलो,
"आलं का?"

खालच्या खिडकीतून,
कुणा भलत्याच माणसाला उत्तर द्यावं तसं,
"बंतु! बंतु!
हलवू नका आता."

मी फलटणचा. कन्नड येत नाही.
नट घट्ट केला.