रैट

एकतीस वर्षं मी खानापूर गाडीवर कंडक्टर.
पिरनवाडी, मच्छे, देसूर, गणेबैल...
सगळं रिटायर झालं, आवाज तेवढा राहिला.
तो घेऊन दर गुरुवारी
दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या वसतिगृहात जातो,
सुकन्या मुतगेकरला इतिहास वाचून दाखवतो.

पहिल्या दिवशीच म्हणाली,
मामा, घाई करूल्यात.
स्वल्पविरामाला थांबायचं असतंय,
नुसती गाडी हळू करून भागत नाही,
कुणीतरी उतरत असतंय.

तेव्हापासून थांबतो.
ती उतरते, जाड कागदावर
उजवीकडून डावीकडं काहीतरी टोचून घेते,
टक टक, टक,
मग मान हलवते. रैट.

एकदा नकाशा आला.
इथं एक आकृती आहे, एवढं बोलून मी पान उलटलं.
थांबा की. कसली आकृती?
तहानंतरची सीमा. तुटक रेषेनं दाखवलीय.
तुटक म्हणजे कशी?
तिचं बोट धरलं, टेबलावर ओढलं,
थोडं ओढलं, उचललं, थोडं ओढलं, उचललं.
जिथं उचलला तिथं काय असतंय?
पुस्तकात दिलेलं नाही, म्हणालो.

त्याच टेबलाला गोकाकचा बसलिंग बसतो,
त्याचं पुस्तक कन्नड.
चौकातल्या पाटीला कुणीतरी काळं फासलं
त्या आठवड्यात बस दोन तास अडकली होती,
मी घामाघूम, चिडलेला.
हे दोघं एकमेकांची पानं चाचपून हसत होते.
सुकन्यानं माझं बोट तिच्या पानावर ठेवलं:
दोन टिंबं, एकाखाली एक, मधली जागा मोकळी. हा क.
मग बसलिंगच्या पानावर:
दोन टिंबं, मधली जागा मोकळी. हा पण क.
मधला थांबा गाळलाय, मी म्हणालो.
बसलिंग म्हणाला, एक्सप्रेस आहे, मामा.
मला त्यावर काही सुचलं नाही.
पाण्याची बाटली उघडली, परत लावली.

गेल्या गुरुवारी ट्रंकेत जुनी तिकिटं सापडली,
पंचाची, मशीन यायच्या आधीची.
गंमत म्हणून घेऊन गेलो.
तिनं एकेक तिकीट उलटं करून बोटाखाली धरलं,
भोकाची फुगीर कड शोधली.
एकटं टिंब म्हणजे अ, ती म्हणाली.
हे अ. हे पण अ. हे... अ.
मामा, एवढी वर्षं नुसता अ गिरवूलालात?

कुणाकुणाची तिकिटं ती.
बाजाराला निघालेल्या बायकांची,
कोर्टाच्या तारखेची,
एका पोराचं अर्धं, आई पूर्ण म्हणत होती.

मी पुस्तक उघडलं. खूण सापडेना.
कुठवर आलो होतो?
गणेबैल, ती म्हणाली,
आणि टोच्या उचलला.