पंचावन्नाला सहा महिने कमी

गुरुवारी डेपो सुटला की आम्ही सगळे
कोपऱ्यावरच्या डायनरमध्ये जातो.
एरी शहरात जानेवारीत दुसरं जायचं कुठे?
सरोवरावरून वारा सुटतो तो थेट हाडांत शिरतो,
आणि आत तव्यावर कांदा परतत असतो.

माझ्या खिशात अकरा डॉलर.
त्यातले दोन मॉरीनच्या टिपेचे, ते माझे नव्हेतच.
उरले नऊ.

आता या नऊचा हिशेब ऐका.
बर्गर, शेजारी फ्राइजचा ढीग,
वर पोट फुटेस्तोवर कोल्ड्रिंक : साडेसात.
भाजलेला मासा, वाफवलेली ब्रोकोली : चौदा.
सॅलड, म्हणजे बहुतेक गार पाणी, पानांत गुंडाळलेलं :
अकरा. चिकन हवं तर वर तीन.
कमी खायचं तर दंड भरा,
जास्त खाल्लंत तर सवलत आहे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चाळीस पौंड उतरवा, बर्नडेट.
कुठल्या पगारात, ते नाही म्हणाल्या.

बसचं स्टिअरिंग माझ्या पोटाला टेकतं.
एकतीस नंबरची बस, अठ्ठेचाळीस पोरं,
वळण आलं की मी श्वास आत ओढून धरते.
हे डेपोत कुणाला माहीत नाही.

मेनूच्या पाठीमागे, अगदी तळाशी, बारीक अक्षरांत
"पंचावन्न आणि पुढच्यांसाठी" :
अर्धा मासा, डावभर घेवड्याच्या शेंगा, एक उकडलेला बटाटा,
सहा नव्वद.
ते पान मला तोंडपाठ आहे.
मला पंचावन्न लागतील जुलैत.

आयुष्यभर मी वय चोरलं.
पहिल्या नवऱ्याशी तीन वर्षं, दुसऱ्याशी पाच,
दोघांनाही कळलं, दोघेही गप्प बसले,
(गेले ते वेगळ्या कारणांनी.)
आणि आज जन्मात पहिल्यांदा
वय वाढवून सांगायचं,
तर जीभ टाळूला चिकटली.

मॉरीन कानामागची पेन्सिल काढून उभी.
ही मॉरीन सातवीत माझ्या पुढच्या बाकावर बसायची,
भूगोलात माझं बघून लिहायची.
तिचा वाढदिवस नोव्हेंबरात. माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान.
"ज्येष्ठांचा मासा," मी मेनूला सांगितलं.

पेन्सिल थांबली.
ती मनात बेरीज करताना मला दिसली.
शेजारी ओटिस, त्याच्या पलीकडे डेल्फीन,
दोघांचेही कान इकडेच.
मग मॉरीन म्हणाली, "अगं बाई! म्हणजे मीही म्हातारीच की,"
आणि लिहून घेतलं.

ताट आलं. बशीच म्हणा.
माशाचा तुकडा माझ्या तळहाताएवढा,
शेंगा जरा जास्तच शिजलेल्या, बटाटा एकटा.
हळू खाल्लं. काटा खाली ठेवून ठेवून खाल्लं.
ओटिसनं त्याच्या फ्राइज माझ्याकडे सरकवल्या,
"घे गं, नाहीतर टाकूनच द्यायच्यात."
तीन घेतल्या.
चौथीकडे निघालेला हात
मी मिठाच्या बाटलीकडे वळवला,
आणि कारण नसताना शेंगांवर मीठ घातलं.

बाहेर आले. गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना
पोटात थोडी जागा रिकामीच होती,
भाडेकरू न मिळालेल्या खोलीसारखी.
खिशात दीड डॉलर खुळखुळत होता.
घरी फ्रिजमध्ये चीज आहे हे आठवलं.
मुद्दाम हळू चालवली गाडी.
चीजबद्दल विचाराल, तर सांगणार नाही.

शुक्रवारी पहाटे सव्वासहाला
स्टिअरिंग पोटाला टेकलंच.
एका अर्ध्या माशानं काय व्हायचंय!
जुलै अजून लांब आहे.
तोवर दर गुरुवारी संध्याकाळी
मी म्हातारी,
आणि मॉरीन साक्षीदार.